ट्रायलला न आलेलं गिऱ्हाईक

सर्वपित्री अमावस्येच्या आदल्या दिवशी गुंडूरावांनी घरात जाहीर केलं की यंदा साहेबाचं पान वाढायचं नाही.

सून श्यामला केळीची पानं पुसत होती. तिचा हात थांबला. नात भव्या लॅपटॉप मांडीवर घेऊन ऑफिसचं काम करत होती; तिने मान आणखी खाली घातली, कारण हा सगळा घोळ तिनेच घातला होता. नव्वदीला टेकलेला माणूस नाही म्हणाला, की घरातली माणसं थोडा वेळ हो ला हो करतात आणि मग आपल्याला हवं तेच करतात, ही जगाची रीत. पण या वेळी गुंडूराव हट्टाला पेटले नव्हते. ते घाबरले होते, आणि त्याहून जास्त दुखावले होते.

कानडी मुलखात, येलहंक्याच्या जुन्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या शिंपीकाम केलेलं हे मराठी घर. दुकान आता राहिलं नाही, त्या जागी मोबाइल विकतात, आणि घरही एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर जाऊन बसलं आहे. पण पितृपक्षातली एक गोष्ट बदलली नव्हती. सर्वपित्रीला आजे-पणजे, काका-मावश्या यांच्या पानांशेजारी एक पान पीटर हॅलम नावाच्या इंग्रज वैमानिकाचं असे. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं साग्रसंगीत. त्या पानावर तिखट मात्र जरा बेताने वाढायचं, अशी गुंडूरावांच्या आईची ताकीद होती आणि ती आजवर पाळली जात होती. गोऱ्या माणसाचं गोत्र काय, हा प्रश्न पहिल्याच वर्षी निघाला होता. ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप, असं सांगून तेव्हाच्या भटजींनी तो जागच्या जागी मिटवला. तेव्हापासून काश्यपगोत्री पीटर दरवर्षी या घरचं तीळपाणी घेत होता.

आणि भव्याने शोधून काढलं की तो युद्धात मेलाच नव्हता.

मेला, पण तो दहा-पंधरा वर्षांपूर्वी, पिकल्या केसांनी, इंग्लंडात स्वतःच्या बिछान्यात. ब्रह्मदेशात त्याचं विमान पडलं होतं हे खरं. पण तो वाचला, रंगूनच्या तुरुंगात जपान्यांचा कैदी झाला, युद्ध संपता संपता सुटला, मायदेशी गेला, लग्न केलं, मुलगी झाली. ती मुलगी, हेलन, आता सत्तरीची होती. भव्याने सहज म्हणून जुन्या वैमानिकांच्या एका वेबसाइटवर नाव टाकलं होतं, तर थेट हेलनबाईंचंच उत्तर आलं. त्यांनी मनापासून आभार मानले होते, आणि फार नम्रपणे विचारलं होतं की माझ्या वडिलांचं श्राद्ध आपण नक्की कधीपासून करता?

"जित्या माणसाला पिंड दिले की गं आपण," गुंडूराव म्हणाले. "तो तिकडं मजेत चहा पीत बसलेला, आणि हितं मी त्याच्या नावानं तीळ सोडतोय. अय्यो! ह्याला काय म्हणावं?"

"अज्जा, पण त्यांना काही झालं नाही ना? एकदम हेल्दी होते. नाइन्टीच्या जवळपास जगले."

"ते त्याचं नशीब. आमचं चुकलं ते चुकलंच."

"हेलन आंटी उद्या येतायत पण. फक्त हे बघायला येतायत."

"येऊ देत की. पोटभर जेवायला वाढा. माझ्या अप्पानं साहेबासाठी शिवलेला कोट त्यांच्या हातात द्या, गिऱ्हाइकाची वस्तू वारसाला पोचली म्हणजे झालं. पान नको. ज्याच्या मागं कुणी नाही त्याचं पान होतं ते. ह्याला तर लेक आहे."

एवढं बोलून ते आपल्या खोलीत गेले. जे बोलले नाहीत ते श्यामलाला न सांगताही कळलं. साहेब जगला, ही गोष्ट म्हाताऱ्याने सोसली असती. जगूनही तो परत आला नाही, हे त्यांना सोसत नव्हतं.

गुंडूराव तेव्हा आठेक वर्षांचे होते. युद्ध ऐन भरात होतं आणि येलहंक्याच्या माळावर विमानतळ झाला होता. ब्रह्मदेशात लढायला निघालेले इंग्रज वैमानिक तिथे नवी, जड लढाऊ विमानं हाताखाली घालून घ्यायला येत. गुंडूरावांचे वडील वासुदेव, म्हणजे अप्पा, त्यांचे कपडे शिवायचे. अप्पाला कामापुरतं कँटोन्मेंटचं इंग्रजी येत होतं आणि न बोलता पुष्कळ कळत होतं. नवखा वैमानिक माप देताना छाती काढून ताठ उभा राहायचा. लढून आलेला कधीच स्थिर उभा राहायचा नाही. त्याची मान सारखी मागे वळायची.

पीटर हॅलमची मान तशी होती. टेप गळ्याभोवती असतानासुद्धा तो डावीकडून मागे बघायचा, मग उजवीकडून. अप्पाने एकदा हसून म्हटलं, साहेब, मागे फक्त माझी बायको आहे. पीटरही हसला. मग त्याने सांगितलं की विमानात एकटाच माणूस असतो, आणि शत्रू येतो तो पाठीमागून, उन्हाच्या बाजूने. जो मागे बघायचं विसरला तो त्या दिवशी जेवायला परत येत नाही. कॉलरने मान सोलून निघते म्हणून वैमानिक गळ्याला रेशमी रुमाल बांधतात. लोकांना ती ऐट वाटते. इंग्लंडच्या आभाळात लढाई झाली त्या उन्हाळ्यात तो दिवसातून तीन-तीन, चार-चार वेळा वर जायचा. मधल्या वेळात बूट न काढता खुर्चीतच झोपायचा. सकाळी नाश्त्याला शेजारी बसलेला मुलगा रात्री नसला, तर त्याच्याविषयी कोणी बोलायचं नाही. फक्त ती खुर्ची कोणीतरी दुसरा ओढून घ्यायचा. असाच एके दिवशी तो खाली उतरला आणि त्याला कळलं की त्याच्या गावावर बाँब पडले, आई-वडील आणि घर काहीच उरलेलं नाही. तेव्हा तो वीस वर्षांचाही नव्हता.

त्याला कोट हवा होता तो युद्ध संपल्यावर घालायला. करडा, साधा, पितळी बटणं नाहीत, छातीवर पंख नाहीत. आणि कॉलर मऊ, खाली बसलेली.

"ज्याला मागे बघावं लागत नाही अशा माणसाचा कोट शिव," तो अप्पाला म्हणाला होता. अप्पाने ते वाक्य पुढे आयुष्यभर सांगितलं.

त्याच्याबरोबर नेहमी आणखी एक जण यायचा. तांबड्या केसांचा, बारकेला, फारसं न बोलणारा. आकाशात दोघं जोडीनेच उडत. पीटर पुढे, आणि त्याची पाठ राखायला हा मागे. जमिनीवरही त्याची खोड सुटली नव्हती. पीटर माप द्यायचा आणि हा दाराशी बाकड्यावर बसून रस्त्याकडे बघत राहायचा. घरात त्याला तांबडा साहेब म्हणत. नाव कोणी विचारलं नाही. ज्याचं माप घ्यायचं त्याचं नाव घ्यायचं, ही शिंप्याच्या घरची सवय. याने कधी माप दिलंच नव्हतं.

मग सगळे ब्रह्मदेशाकडे गेले. ट्रायलला येतो, असं पीटर सांगून गेला होता. अप्पाने कोट कच्च्या दोऱ्याने जोडून ठेवला आणि वाट पाहिली. काही महिन्यांनी आला तो तांबडा साहेब, एकटा. पीटरचं विमान जंगलात पडलं, तो गेला, एवढंच त्याने सांगितलं. गुंडूरावांच्या आईने त्याला पाटावर बसवून जेवू घातलं. त्याने खाली मान घालून सगळं खाल्लं, तिखटाने की कशाने डोळे वाहत होते. आईने छोट्या गुंडूला शेजारून ताक आणायला पिटाळलं. तो परत आला तेव्हा तांबडा साहेब चेहरा पुसत उभा होता आणि अप्पाच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यानंतर तो कधी दिसला नाही. गेला असेल आपल्या देशाला, असं सगळ्यांनी धरून चाललं.

त्या वर्षीच्या सर्वपित्रीला अप्पाने पीटरचं पान मांडलं. मरताना त्यांनी गुंडूरावांकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या: पान चुकवायचं नाही, आणि कोटाचा कच्चा दोरा काढायचा नाही. दुसरी गोष्ट तर सांगायचीही गरज नव्हती. गिऱ्हाईक ट्रायलला आल्याशिवाय कच्चा दोरा काढायचा नाही, हा दुकानाचा कायदाच होता.

सर्वपित्रीच्या सकाळी हेलनबाई आल्या. उंच, हाडापेराने मोठ्या, हातात फुलं. दाराशी त्यांनी कोणी न सांगता चपला काढल्या आणि गुंडूरावांसमोर आपल्याला जमेल तसे हात जोडले. भटजी भीमाचार्य पाटावर दर्भ मांडत होते. त्यांनी या प्रकरणावर रात्रीच निकाल देऊन टाकला होता: आधीच्या वर्षांचं देवाला ठाऊक, पण अलीकडच्या पंधरा वर्षांचं तर बरोबरच आहे की! गुंडूरावांना त्याने काही बरं वाटलं नव्हतं.

चहा झाला. डोक्यावरून हवाई दलाचं एक विमान गेलं आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. घरच्यांनी सवयीने बोलणं तेवढ्यापुरतं थांबवलं आणि विमान गेल्यावर पुन्हा सुरू केलं. हेलनबाई मात्र खिडकीकडे बघत राहिल्या.

गुंडूरावांनी मनात आणलं होतं की काही विचारायचं नाही. आलेला पाहुणा, त्याला कसला जाब विचारायचा? पण मन कुठे ऐकतं. दुकानदारी इंग्रजी त्यांनाही येत होतं.

"तुमचे वडील ट्रायलला येतो म्हणाले होते," ते म्हणाले. "माझे वडील वाट बघत गेले. ते का आले नाहीत?"

भव्याने आजोबांना डोळ्यांनी दटावलं. हेलनबाईंनी मात्र राग मानला नाही. या प्रश्नासाठीच त्या एवढा प्रवास करून आल्या होत्या, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

त्या सावकाश बोलल्या. गुंडूरावांना अडेल तिथे भव्या मराठीत सांगत होती. पीटर पडला त्या दिवशी त्याच्या मागे त्याचा नेहमीचा जोडीदार नव्हता. जोडीदार तापाने फणफणून तंबूत पडला होता. दुसरंच कोणीतरी मागे होतं, आणि त्याला शत्रू दिसला नाही. बरा झाल्यावर जोडीदाराने हा दोष स्वतःकडे घेतला. पीटर मेला असं त्याला सांगितलं गेलं होतं, त्याने इतरांनाही तेच सांगितलं. पण प्रेत कोणी पाहिलं नव्हतं. त्यामुळे पुढे प्रत्येक मोहिमेवरून परतताना तो वाट वाकडी करून त्या जंगलावरून जायचा, अगदी झाडांच्या शेंड्यांवरून, कुठे काही दिसतं का बघत. वरिष्ठांनी बजावलं, शिक्षेची भीती घातली. त्याने ऐकलं नाही. एक दिवस तो तिथेच खाली पडला. पीटर तेव्हा रंगूनच्या तुरुंगात जिवंत होता. सुटल्यावर त्याला हे कळलं.

"बाबांनी दोनदा इकडे यायचं ठरवलं होतं," हेलनबाई म्हणाल्या. "दोन्ही वेळा त्यांचा धीर सुटला. ते म्हणायचे, आम्ही त्या शिंप्याकडे नेहमी दोघं जायचो. मी दारात उभा राहिलो की तो पहिल्यांदा विचारणार, दुसरा कुठे आहे? मी त्याला काय सांगू?"

भीमाचार्यांनी हातातले दर्भ खाली ठेवले.

"जेवताना, चर्चमध्ये, कुठेही, बाबा मान वळवून मागे बघायचे," त्या पुढे म्हणाल्या. "लहानपणी मला वाटायचं, त्यांना कसली तरी भीती वाटते. नंतर आईने सांगितलं, ते भीतीने बघत नाहीत. तो आहे का, ते बघतात."

"त्याचं कोण होतं?" गुंडूरावांनी विचारलं. "तांबड्या साहेबाचं?"

"कोणीच नाही. अनाथाश्रमात वाढला होता. बाबा सोडले तर त्याची आठवण काढणारं कोणी नव्हतं. आता बाबाही नाहीत."

गुंडूराव उठले. हाताला काही काम द्यावं म्हणून असेल, त्यांनी श्यामलाला कोट आणायला सांगितला. मलमलीत गुंडाळलेला, कडुनिंबाचा पाला घालून जपलेला तो करडा कोट त्यांनी हेलनबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो उलगडला, छातीशी धरला, आणि डोळे भरलेले असतानाही त्यांना हसू आलं.

"हा बाबांना कधीच झाला नसता," त्या म्हणाल्या. "बाबा केवढे होते! खांद्यांमुळे त्यांना विमानात बसताना त्रास व्हायचा, अशी सगळे थट्टा करायचे."

गुंडूरावांना ते बोलणं नेमकं जिथे दुखतं तिथे लागलं. कोटाचा खांदा चुकला आहे, हे त्यांना मिसरूड फुटण्याच्या वयापासून दिसत होतं. ज्याचा हात दोराभर हलला नाही असा शिंपी, आणि नेमका याच कोटाचा खांदा त्याने आखूड बेतला. अप्पाचा हात दुःखाने चुकला असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती आणि बाहेर कोणाला हे दिसू दिलं नव्हतं. आता तेही झाकलेलं राहिलं नाही.

"फोटो आहे?" त्यांनी जरा तुटकच विचारलं. "बघू."

हेलनबाईंनी पर्समधून फोटो काढला. विमानाच्या पंख्यापाशी दोन तरुण उभे होते. एक दणकट, अर्धं विमान झाकून टाकणारा. आणि त्याच्या मागे अर्धं पाऊल सरकून उभा असलेला एक बारका. फोटो काळापांढरा होता, केसांचा रंग कळत नव्हता. गुंडूरावांना केस बघायचेच नव्हते. त्यांनी चष्मा वर केला आणि फोटो डोळ्यांजवळ नेला. बारक्याचे खांदे उतरते होते. डावा उजव्यापेक्षा चांगला खाली.

त्यांनी कोट परत मागून घेतला. डाव्या खांद्याच्या आत बोटं घातली. तिथे कापसाचा एक जादा थर होता. अस्तराखाली जुनी शिवण उसवलेल्याच्या खुणा होत्या, आणि तिच्या आत, दोन बोटं अलीकडे, नव्याने घातलेला कच्चा दोरा. आयुष्यभर त्यांनी हा कोट दरवर्षी उन्हात घातला, झटकला, पुन्हा गुंडाळून ठेवला. खांदा चुकला म्हणून हळहळले. चुकलेला खांदा कोणाच्या मापाचा आहे, हे विचारायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही.

अप्पाच्या तोंडातल्या टाचण्या त्यांना आता दिसल्या. आपण ताक आणायला गेलो होतो आणि इकडे अप्पाने त्या रडणाऱ्या पोराला उभं करून कोट त्याच्या अंगावर चढवला होता. त्याचं माप घेतलं होतं. मेलेल्याचा कोट जित्याच्या अंगी यावा म्हणून खांदा उसवून पुन्हा जोडला होता, आणि तू ये, मग पक्का करू, असं त्याला सांगितलं असणार. पीटर येणार नाही हे तर अप्पाला त्याच दिवशी कळलं होतं. मेलेल्या माणसासाठी कोणी कच्चा दोरा ठेवतं का? अप्पा वाट बघत होते ती दुसऱ्याची.

"अज्जा? काय झालं?" भव्याने विचारलं.

"कोट तुमच्या वडिलांचा नव्हे, अक्का," गुंडूराव हेलनबाईंना म्हणाले. आपण त्यांना अक्का म्हटलं हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. "माझ्या वडलांनी तो नंतर त्याच्या मापाचा केला. ते त्याची वाट बघत होते. आम्ही त्याला जेवू घातलं, आणि नाव नाही विचारलं बघा. काय होतं त्याचं नाव?"

"एडविन," हेलनबाई म्हणाल्या. "एडविन पाइक."

"एडविन," गुंडूरावांनी म्हणून पाहिलं. मग पुन्हा एकदा, नीट. एवढी वर्षं ते नाव माहीत असलेल्याला, पुढे घरदार झालेल्याला पाणी घालत होते. आणि ज्याला खरोखर कोणी नव्हतं, ज्याने या घरात मान खाली घालून शेवटचं घरचं अन्न खाल्लं असेल, तो बाहेर बाकड्यावर बसून राहिला होता. त्यांना रडू आवरेना, आणि त्यांनी ते आवरलंही नाही. श्यामलाने पाण्याचा पेला पुढे केला.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले.

"दोन पानं वाढ," ते श्यामलाला म्हणाले. "साहेबाचं ह्या अक्काला वाढू दे, लेक आहे त्याची. दुसरं मी वाढतो. त्याच्यावर पण तिखट स्वल्प घाल. सोसलं नव्हतं त्याला."

मग ते पाटावर बसले. बोटात दर्भाचं पवित्रक चढवलं. भीमाचार्यांनी विचारलं, नाव? गुंडूरावांनी सांगितलं. भीमाचार्यांनी इंग्रजी नावाला संस्कृतात बसवताना थोडी कसरत केली, पण बसवलं. गोत्राचं त्यांनी विचारलं नाही, आपणच काश्यप म्हणाले. तीळ आणि पाणी गुंडूरावांच्या अंगठ्यावरून ताम्हनात पडलं. भव्याने त्यांच्या कोपराखाली आपला हात धरला.

पानं वाढून झाली. हेलनबाईंनी आपल्या वडिलांच्या पानावर खीर वाढली आणि तिथेच भिंतीला टेकून बसल्या. गुंडूरावांनी कोट मांडीवर घेतला आणि भव्याकडे छोटी कात्री मागितली.

"अज्जा, अप्पा-अज्जांनी नको सांगितलं होतं ना? गिऱ्हाईक ट्रायलला आल्याशिवाय..."

"हो की," गुंडूराव म्हणाले, आणि डाव्या खांद्यापासून दोरा काढायला लागले.